दहा नंबरची खूण

१

पेणमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या दीनाबाईला आपलं घर भोगावती नदीच्या पात्रात आहे, हे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. सांगितलं ते एका यंत्राने.

यंत्र तिच्या मुलाने आणलं होतं. जोशुआला इस्रायलला जाऊन आठ वर्षं झाली होती. गाड्यांना वाट दाखवणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तो होता, आणि अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात पंधरा दिवसांच्या रजेवर येताना त्यातलंच एक जुनं पिशवीत टाकून आला होता. साबणाच्या वडीएवढा डबा, पत्त्याच्या पानाएवढी काच आणि एक लांब वायर, जिच्या टोकाला लोहचुंबकाची चकती. चकती गाडीच्या टपावर चिकटवायची, ती आभाळातल्या उपग्रहांचं ऐकते, आणि काचेवर बाण उमटतो. नकाशा-बिकाशा काही नाही. जिथे उभे असाल तिथे बटण दाबलं की ती जागा यंत्रात खूण म्हणून बसते. पुढे कुठूनही विचारा, ती खूण कुठल्या अंगाला आणि किती लांब, हे बाण दाखवणार.

जोशुआने आईच्या उंबऱ्यात उभं राहून बटण दाबलं, दहा मिनिटं थांबला आणि म्हणाला, "आता बघ, घर कुठे आहे ते."

बाण नदीकडे. नव्वद मीटर.

"वाहून गेलं म्हण की," दीनाबाई म्हणाली. "भांडी घासायची राहिलीत, तिकडेच जाऊन घासते."

"आई, अमेरिकेवाले मुद्दाम चूक घालतात. त्यांच्या लष्कराला बरोबर दाखवायचं, बाकीच्यांना शंभर मीटर इकडेतिकडे."

"म्हणजे वाढायचं, पण भातात खडे घालून वाढायचं." तिने डबा हातात घेऊन उलटसुलट केला. "पूस ती खूण. माझं घर मला सापडतंय."

जीपवाला कान्हू ओट्यावर बसून चहा पीत होता. मिठागरावर जन्मलेला आगरी माणूस, दीनाबाईच्या नवऱ्याच्या, एलियासच्या हाताखाली गाडी दुरुस्ती शिकलेला, दीनाबाईला काकी म्हणणारा. "काकी, हे माझ्या जीपला लावलंत ना, तर जीप माझं ऐकायची नाय. शिकलेली म्हणून मिरवंल."

दीनाबाई हसली. गेल्या सहा महिन्यांत ती इतकं मोकळं हसली नव्हती. चौथीनंतर शाळा सुटलेली ही बाई, इंग्रजी वाचायला शिकली ती एलियासच्या गॅरेजमधल्या स्पेअर पार्टच्या खोक्यांवरून. यंत्र म्हटलं की तिचे कान उभे राहायचे. आणि हे यंत्र तिला कामाचं दिसलं होतं. तिला दहा पुरुष गोळा करायचे होते.

एलियास ह्याच वर्षी गेला तेव्हा भर आषाढ होता. रस्ते पाण्याखाली, माती देताना जेमतेम सहा माणसं. बेने इस्रायलींमध्ये, म्हणजे कोकणातल्या ज्यूंमध्ये, मृताच्या नावाने कद्दीशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष उभे पाहिजेत. नऊ चालत नाहीत. त्या दिवशी कद्दीश झाली नाही. मग महिन्याचीही झाली नाही, कारण तेव्हाही आठच्या वर माणूस जमला नाही. पेणपासून रोह्यापर्यंत एके काळी तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायलींची घरंच्या घरं होती. आता सगळे मिळून नऊ पुरुष उरले होते. त्यातले दोघे जानेवारीत बायकापोरांसह कायमचे इस्रायलला निघणार होते. नऊ आणि जोशुआ, झाले दहा. ह्या गुरुवारी, एलियासच्या वाढदिवसाच्या तिथीला, सूर्य बुडायच्या आत कद्दीश झाली तर झाली. पुन्हा ह्या तालुक्यांत दहा माणसं जमायची नव्हती.

"मुक्याने गेलेला माणूस हाय तो," ती कान्हूला म्हणायची. "मी त्याला तसा ठेवणार नाय."

२

बुधवारी आमंत्रणाची फेरी निघाली. दीनाबाईचा नियम साधा: दारात जाऊन सांगायचं, निरोपावर नाही. पेणातली तीन दारं पायीच झाली, पण तिथेही जोशुआने बटण दाबलं. मग जीपने गडब, नागोठणं, रोहा, धाटाव. प्रत्येक दारात खूण.

"उद्या शोधायला नको," जोशुआ म्हणाला. "बाण लावला की सरळ जायचं."

सरळ म्हणजे यंत्राच्या लेखी कावळ्याची वाट. नागोठण्यापाशी त्याने रोह्याचं घर डोंगराच्या पोटातून दाखवलं. चिंचेच्या झाडाखाली गाडी उभी केली की आभाळ दिसत नाही म्हणून ते रुसायचं आणि काच कोरी व्हायची. बॅटरीचे चार सेल नागोठण्याच्या आतच संपले; मग कान्हूने जीपच्या बॅटरीवरून वायर ओढली आणि स्वतःच्या कामावर इतका खूश झाला की धाटावपर्यंत गात गेला.

रोह्याला एझ्राकाका भेटले. प्रार्थना चालवायचे तेच. त्यांनी यंत्राला हातही लावला नाही, पण येतो म्हणाले. धाटावला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या नवव्या माणसाने मात्र डोकं खाजवलं. "बघू," म्हणाला. "सुट्टी मिळाली तर."

त्या 'बघू'वर दीनाबाई अर्धा तास धुमसत होती. परतताना गडब ओलांडल्यावर इंजीन तापलं, म्हणून कान्हूने हायवे सोडून मिठागरांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर जीप घेतली आणि बॉनेट उघडलं. समोर खाडीपर्यंत सपाट चिखल आणि पाणी. लांब, खूप लांब, फुटक्या बांधाच्या टोकावर एक माणूस उभा होता. डोक्यावरून पांढरं फडकं घेतलेलं, जसं मिठागरावर उन्हात काम करणारे घेतात.

"बघू म्हणणाऱ्यापेक्षा तो बरा," दीनाबाई म्हणाली आणि तोंडाशी हात धरून तिने हाक दिली, "ओ भाऊ, उद्या चारला पेणच्या मशिदीत या. माणूस कमी पडंल मला."

जुने बेने इस्रायली सिनेगॉगला मशीदच म्हणतात. कान्हू हसला. जोशुआ हसला. लांबच्या माणसाने हात वर केला.

"आला बघ," कान्हू म्हणाला. "तुमच्या हाकेला कोण नाय म्हणंल."

मग त्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, आणि ओतता ओतता पुन्हा तिकडे पाहिलं. "काकी, त्या बांधाला खांड गेल्याला पंधरा वर्षं झाली. मधून पाणी वाहतं. टोकावर माणूस गेला कसा?"

"होडीतून," दीनाबाई म्हणाली. आणि ते खरंच असावं, म्हणून कान्हूने रेडिएटरचं झाकण लावलं.

३

रात्री जेवणं झाल्यावर जोशुआने यंत्र गॅरेजमधल्या एका बॅटरीला जोडून खिडकीत ठेवलं आणि खुणा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"आई, दारं किती झाली?"

"नऊ."

"ह्यात दहा आहेत."

दहा नंबरची खूण पेणपासून सहा पूर्णांक चार किलोमीटर, मिठागरांच्या अंगाला. "गाडी थांबली तेव्हा दाबलं गेलं असेल," तो म्हणाला. त्याने ती पुसायला घेतली, पण दीनाबाईने हात धरला. "राहू दे. चुकून तिच्या जागी नऊतलीच एखादी पुसशील."

पहाटे ती नेहमीसारखी पाचला उठली. यंत्र खिडकीतच होतं, काच हिरवट उजळलेली. चष्मा लावून तिने आकडा वाचला. पाच पूर्णांक नऊ.

तिने दात घासले, गॅस पेटवला, चहा केला आणि पुन्हा वाचला. पाच पूर्णांक आठ.

जोशुआला उठवून तिने विचारलं, "तुझे अमेरिकेवाले किती मीटर खोटं बोलतात?"

"शंभर."

"हे सहाशे बोलतंय."

जोशुआने डोळे चोळत पाहिलं. बाकीच्या नऊ खुणा तपासल्या. सगळ्या कालच्याच जागी, थोड्या पुढेमागे डुलत, जशा डुलायला हव्यात. तो म्हणाला की यंत्र जुनं आहे, एखाद्या खुणेचा हिशेब बिघडू शकतो, तिकडे कंपनीतही एकदा एक ट्रक समुद्रात दिसला होता. तो हे सांगत होता तेव्हा दीनाबाई काचेकडेच पाहत होती. एकदम उडी मारून आकडा बदलत असता तर तिने मुलाचं ऐकलं असतं. बिघडलेली वस्तू उड्या मारते, हे तिला गॅरेजमुळे ठाऊक होतं. हा आकडा उड्या मारत नव्हता. सावकाश, एका चालीने उतरत होता.

नऊ वाजता कान्हू आला. त्याला तिने रात्रीचा आकडा सांगितला आणि आताचा दाखवला: साडेपाच. कान्हूने बोटांवर तास धरले. त्याचं हसू उतरलं नाही, पण मिशीखाली अडकून राहिलं.

"मांडीभर चिखलातून माणूस चालला ना, काकी," तो म्हणाला, "तर भरती-ओहोटी धरून एवढीच वाट सरते. पुढं घट्ट जमीन लागली की भराभर येतो."

"कोण येतो?"

"मी आपलं चिखलाचं सांगितलं."

दीनाबाईला भीती वाटायला हवी होती. तिला वाटली ती वेगळीच धडधड, लग्नाचं वऱ्हाड येताना वाटते तशी. नऊ माणसांची दारं, सूर्यास्ताआधीचे आठ-नऊ तास आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरचा रस्ता. आज तिला घाबरायला सवड नव्हती.

४

धाटावच्या 'बघू'वाल्याला कंपनीच्या गेटवरून उचललं. तो शिफ्ट बदलून, आंघोळ करून, टोपी घालून उभा होता, आणि दीनाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपणहून म्हणाला, "चुकलं, दीनाबाई." रोह्याला एझ्राकाका आणि दोन भाऊ. नागोठण्याला एक जण, तो जेवत होता. त्याला ताटावरून उठवलं नाही, पण दाराशी उभं राहून घास मोजले.

जीप भरत गेली तसा आवाज वाढत गेला. जी माणसं वर्षाकाठी एकमेकांना मयतीलाच भेटायची ती आज गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. कोणाचा पोरगा अश्दोदला, कोणाची सून मराठी विसरली, कोणी घाणा विकला तर तो ठाण्याच्या कुठल्याशा हॉटेलात शोभेला ठेवलाय. जोशुआ पुढे बसून बाण लावत होता आणि प्रत्येक दाराशी यंत्र पिक करून वाजलं की मागे सगळे ओरडत, "पोचलो." बहुतेकदा ते शेजारच्या गोठ्यात पोचायचं.

गडबला नोआकाकांचं दार. सगळ्यांत म्हातारा माणूस, काल सगळ्यांत आधी हो म्हणालेला. यंत्र वाजलं. कोणी ओरडलं नाही, कारण दाराला कुलूप होतं.

शेजारची ठमाबाई पायरीवर भात पाखडत होती. "पहाटं छातीत दुखलं गो त्यांच्या. लेकीनं मुंबईला नेलं. तुम्हाला सांगा म्हणाले, माफी मागा म्हणाले."

दीनाबाई कुलपाकडे पाहत उभी राहिली. पावणेतीन वाजले होते. पेणातले तिघे मशिदीत थेट येणार, जीपमध्ये एझ्राकाका धरून पाच, आणि जोशुआ. नऊ.

जीपमध्ये एकाने घसा साफ केला. "नशीब म्हणायचं. आपण प्रार्थना करू, दीनाबाई. फक्त कद्दीश नाही म्हणता येणार."

"फक्त," दीनाबाई म्हणाली.

ती पुढे येऊन बसली. तिच्या आणि दाराच्या मध्ये जोशुआ. त्याच्या मांडीवर यंत्र. त्याचा चेहरा ओढलेला होता. आठ वर्षांत दोनदा आला होता तो, आणि बापाच्या मातीला पोचला नव्हता. बोटं नुसतीच बटणांवर फिरत होती, आणि एक बटण दाबल्यावर थांबली.

"आई."

दहा नंबरची खूण. मिठागरं तिथून डाव्या हाताला होती. बाण डावीकडे जायला हवा होता. तो नाकासमोर होता. हायवेच्या रेघेत, पेणकडे.

"हा माणूस रस्त्याला लागलाय," कान्हू हळूच म्हणाला.

दीनाबाईने मागे वळून पाहिलं नाही. "गाडी काढ," ती म्हणाली.

५

पुढची दहा मिनिटं कान्हूने जीप दाबून घेतली. जोशुआ आकडे वाचायचा. पाच किलोमीटर. चार. अडीच. मागच्यांना वाटलं की तो पेण किती लांब ते सांगतोय.

भर दुपार होती. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची धसकटं, त्यांत बगळे. रस्ता सरळ आणि मोकळा. एक ट्रक समोरून आला, गेला. एवढ्या उन्हात माणूस असता तर कोसावरून दिसला असता.

"एक किलोमीटर."

"कान्हू, हळू घे."

"आठशे. सहाशे. आई, हे यंत्र बंद करतो मी."

"करून बघ. हात मोडीन."

चारशेला कान्हूने दुसरा गिअर टाकला. दोनशेला डांबरावर पहिला ओलेपणा दिसला. ठिपके नव्हते, टाकलेल्या पायांएवढे, पायांच्या अंतरावर, ओले डाग होते, कडेकडेने पेणच्या दिशेला गेलेले. सुकलेल्या डागांच्या काठाला पांढरी रेघ. पुढचे जास्त ओले.

शंभर. साठ. वीस. जीप बैलगाडीच्या चालीने चालली होती. यंत्र वाजलं, पिक, आणि मागून सवयीने कोणीतरी म्हणालं, "पोचलो," आणि आपल्याच आवाजाने गप्प झालं. काचेवर शून्य होतं. मग बाण गर्रकन फिरून मागे वळला. दहा. वीस.

"आपण त्याच्या पुढं गेलो," कान्हू म्हणाला. आरशात बघायला त्याची मान वळत नव्हती.

जोशुआ म्हणाला, "चल, कान्हूदादा. चल इथून." त्याच्या आवाजाला लहानपणचं काहीतरी चिकटलं होतं.

दीनाबाईच्या डोक्यात त्या वेळी दोन गोष्टी होत्या. एक, हे सगळं बिघडलेल्या डब्याने आणि कोणाच्या तरी गळक्या कावडीने घडवलं असू शकतं. दुसरी, तिने हाक मारली होती. दारात जाऊन नाही, लांबून, थट्टेत, पण मारली होती. आणि बोलावलेलं माणूस पायी येत असताना त्याच्या अंगावर धूळ उडवून जीप पुढे काढायची, हे तिच्याच्याने होणार नव्हतं. नऊ माणसांनी एलियास मुकाच राहणार होता.

"थांबव," ती म्हणाली.

"काकी."

"थांबव म्हटलं ना. आणि मागचं फाळकं उघड."

कान्हू उतरला नाही. दीनाबाई जोशुआच्या गुडघ्यांवरून खाली उतरली, जीपला वळसा घालून मागे गेली आणि तिने फाळक्याची कडी काढली. समोर रिकामा रस्ता, तापलेलं डांबर, आणि तिच्यापासून चार हातांवर संपलेले ओले डाग. तिने नजर जमिनीवरच ठेवली.

"भाऊ," ती म्हणाली, "जागा हाय. बसा."

बगळे उडाले. मागच्या सीटवरचे सगळे तिच्याकडे बघत होते, बाईला ऊन लागलं की काय असे. फक्त एझ्राकाका, ऐंशीला टेकलेले, डोळे अर्धवट मिटून बसलेले, गाडी थांबली की माणूस सरकतो तसे सवयीने सरकले. शेजारचा सरकला. त्याच्या शेजारचा सरकला. आणि फाळक्याशी हातभर जागा रिकामी झाली.

जीपच्या मागच्या स्प्रिंगची पाटी कुरकुरली आणि दबली.

खाऱ्या चिखलाचा वास आला. ओहोटीच्या वेळी खाडीकाठाला येतो तो. दीनाबाईने फाळकं लावलं, कडी अडकवली आणि पुढे येऊन बसली. काचेवर शून्य होतं. कान्हूने गिअर टाकला, जीप चाळीसवर गेली, पन्नासवर गेली. भात, बगळे, टपऱ्या मागे पळाल्या. शून्य शून्यच राहिलं.

६

पेणच्या मशिदीत बायकांची बाजू लाकडी जाळीपलीकडे आहे. तिथे दीनाबाई एकटी बसली. चार वाजून गेले होते, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आडवं येऊन बाकांवर पडलं होतं.

बेने इस्रायली माणसांना आकड्याने मोजत नाहीत. मोजलेल्याला दृष्ट लागते, निदान दीनाबाईच्या सासूने तिला तसं सांगितलं होतं. दहा शब्दांची एक हिब्रू ओळ असते. एकेका माणसावर एकेक शब्द टाकत जायचं, शेवटचा शब्द शेवटच्या माणसावर पडला की जमले. तोंडं बघायची नाहीत, बोट दाखवायचं नाही. एझ्राकाका जमिनीकडे बघत, बाकांच्या पाठींवर बोटं टेकत चालत गेले. पेणच्या तिघांवर तीन शब्द. जोशुआवर चौथा. जीपमधल्या दोघा भावांवर, नागोठण्याच्यावर, धाटावच्यावर. आठ. नववा शब्द त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवून स्वतःवर टाकला. आणि मग न थांबता दोन पावलं पुढे गेले, जाळीला टेकलेल्या शेवटच्या बाकाकडे, नोआकाकांच्या नेहमीच्या जागेकडे, आणि दहावा शब्द म्हणाले.

"पुरे झाले," एझ्राकाका म्हणाले, आणि वळून पुढे गेले.

जाळीच्या चौकटीची जाड पट्टी त्या बाकाच्या बरोबर आड येत होती. दीनाबाईला दिसत होता फक्त पांढऱ्या कापडाचा एक पदर. पुरुष डोक्यावरून घेतात त्या शालीचा असेल, सिसीतचा. पदराच्या टोकाचे गोंडे लोंबत होते आणि त्यांच्या खाली फरशी ओली होती. हातभर डावीकडे सरकली असती तर तिला सगळं दिसलं असतं.

आयुष्यात ज्या बाईने एकही गोष्ट उघडून बघितल्याशिवाय सोडली नव्हती, ती जागेवरून हलली नाही.

जोशुआ उभा राहिला. त्याने कद्दीश सुरू केली तेव्हा पहिल्या ओळीला त्याचा आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला भरला. कडव्याच्या शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. म्हणाले. पुढच्या कडव्याला पुन्हा. तिसऱ्या वेळी दीनाबाईने कान लावला. आठ आवाज तिच्या ओळखीचे होते. एकेक ओळखून तिने बाजूला काढला, जसं धान्यातून खडे काढतात. नववा उरला. तो जाळीच्या अगदी जवळून येत होता, खालून, पाण्यात तोंड ठेवून म्हटल्यासारखा, आणि बाकीच्यांच्या थोडा मागून, जसा पुष्कळ वर्षांत न म्हटलेला माणूस म्हणेल.

तिने स्वतःही आमेन म्हटलं. मोठ्याने. कद्दीश संपताना एझ्राकाकांनी एलियासचं नाव घेतलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. सहा महिने अडकलेला श्वास मोकळा झाला होता. मुका माणूस बोलला होता. कोणी काहीही म्हणो, ते झालं होतं.

प्रार्थना संपली की हातबोशी होते. वडीलधारा माणूस शेजाऱ्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतो, मग आपली बोटं ओठांना लावतो. शेजारी पुढच्याचे हात घेतो. असं करत सलाम सगळ्यांतून फिरतो आणि शेवटचा माणूस तो जाळीच्या फटीतून बायकांना देतो. कोणालाही वगळायचं नसतं. हात मागे घेतला तर सलाम तिथेच मरतो.

एझ्राकाकांनी जोशुआचे हात घेतले. जोशुआने धाटाववाल्याचे. भाऊ, नागोठणं, पेणचे तिघे. शेवटच्याने मागच्या बाकाकडे वळून न बघताच हात पुढे केले, आणि ते घेतले गेले. त्याने बोटं ओठांना लावली, जरा थांबला, बोटांकडे पाहिलं, आणि रुमाल काढला.

बाकाची पाठ कुरकुरली.

जाळीच्या खालच्या फटीतून दोन हात आत आले. दीनाबाईला मनगटापर्यंतच दिसले. फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी सुरकुतते तशी पांढरट सुरकुतलेली, नखांच्या कडांना मिठाची खरपूड. पलीकडून जोशुआ तिच्याकडे बघत होता. आठ वर्षांत त्याचा चेहरा इतका हलका झालेला तिने पाहिला नव्हता.

तिने हात पुढे केले.

गार. हिवाळ्यातल्या पहाटेच्या खाडीसारखे, आणि पकड घट्ट. तिने बोटं सोडवून घेऊन ओठांना लावली, खारट. पण दुसरा हात सुटला नाही. ती वाट बघत राहिली. ओढला नाही, कण्हली नाही. बाहेर जीपमध्ये कान्हूने ठेवलेलं यंत्र वाजत होतं, पिक, पिक, पिक, पोचल्यावर एकदा वाजून थांबायचं ते थांबत नव्हतं. खिडकीतलं ऊन बाकावरून उतरून भिंतीच्या पायथ्याशी गेलं.

मग तिला उमगलं. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला आपण अर्ध्या वाटेवर सोडत नाही. ह्यानेही काही वेगळं मागितलेलं नव्हतं.

"व्हय," ती जाळीला तोंड लावून हळू म्हणाली. "मी येते सोडायला."

हात सुटला.

बाहेर पुरुष बुटांच्या नाड्या बांधत, खजूर खात, मोठ्यांदा हसत होते. जोशुआ आला, आईच्या गळ्यात पडला. "आई, झालं सगळं."

"झालं, बाळा." तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मनगटाला लागलेलं मीठ त्याला दिसू नये असा. "तू एझ्राकाकांबरोबर घरी जा. चहाचं आधण ठेव. पेणच्या कोणाची तरी गाडी घ्या ह्या सगळ्यांना सोडायला."

"आणि तू?"

जीपच्या मागचं फाळकं उघडं होतं. कान्हू बॉनेटपाशी उभा होता, पाठ करून, आणि त्याचे खांदे सांगत होते की तो वळणार नाही. दीनाबाईने त्याच्या हातातून चावी घेतली. एलियासच्या गॅरेजमध्ये वीस वर्षांपूर्वी ती जीप चालवायला शिकली होती. रस्त्यावर कधी काढली नव्हती.

"मला एकाला सोडून यायचंय," ती म्हणाली. "भरतीच्या आत."